एक ईश्वर आणि एक पंगत : पुणे शहरातील हिंदू-ख्रिस्ती ईश्वरविचारांचा संवाद

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या धर्मविचाराचा इतिहास पाहताना पुणे शहराला विशेष स्थान द्यावे लागते. पेशवाईच्या अस्तानंतर सनातन विद्येचे केंद्र म्हणून या शहराचा दबदबा टिकून होता. त्याच शहरात स्कॉटिश व अँग्लिकन मिशनांच्या शाळा आणि देवालये उभी राहिली. प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज आणि ख्रिस्ती मंडळी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर काम करीत होती. त्यामुळे हिंदू आणि ख्रिस्ती ईश्वरकल्पनांची भेट येथे केवळ ग्रंथांतून झाली नाही. ती व्याख्यानांत, वृत्तपत्रांत, वसतिगृहांत आणि स्वयंपाकघरांतही झाली.

या भेटीचा अभ्यास बहुधा दोन अंगांनी होतो. एक अंग धर्मांतराच्या वादाचे आहे, तर दुसरे तत्त्वज्ञानातील साम्यभेदांचे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांना जोडणारा एक प्रश्न विचारात घेतला आहे. ईश्वर एक आहे, तो दयाळू आहे आणि भक्तीने तो प्राप्त होतो, याविषयी दोन्ही बाजूंच्या विचारवंतांत बरेच ऐक्य झाले होते. मग हे ऐक्य समाजात का उतरले नाही? विचारांची समान भूमी लवकर सापडली, परंतु त्या भूमीवर एकत्र बसण्याची जागा सापडण्यास दीर्घ काळ लागला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. शब्दांची पूर्वपीठिका

मराठी भाषेत ख्रिस्ती ईश्वराविषयी बोलण्याचा प्रश्न पुण्याच्या फार पूर्वी गोमंतकात उपस्थित झाला होता. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले. बायबलमधील कथा सांगण्यासाठी त्यांनी ओवी छंद निवडला, पुराणाचा घाट स्वीकारला आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरला. ईश्वरकल्पना परकी असली तरी ती ज्या शब्दांत सांगायची ते शब्द श्रोत्यांचेच असले पाहिजेत, ही जाणीव त्यामागे होती.

मात्र शब्द रिकामे नसतात. ‘देव’ म्हटले की अनेक देवांची आठवण होते, ‘ब्रह्म’ म्हटले की निर्गुण तत्त्वाची, तर ‘अवतार’ म्हटले की दशावतारांची. पुण्यात ईश्वरविचारांचा जो संवाद झाला, त्यातील बराचसा भाग हे शब्द कोणत्या अर्थाने घ्यावयाचे, याविषयीचा होता.

२. एकेश्वरवादाची समान भूमी

मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाजाची स्थापना झाली आणि १८७० साली पुण्यात त्याची शाखा सुरू झाली. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले. पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचेही नेतृत्व पुणे समाजास लाभले. ईश्वर एक असून तोच विश्वाचा कर्ता आहे, त्याची प्रेमपूर्वक उपासना हाच धर्म होय, मूर्तिपूजा ही खरी उपासना नव्हे, ईश्वर अवतार घेत नाही आणि कोणताही ग्रंथ स्वतः ईश्वराने प्रकट केलेला व अस्खलित नाही, अशी समाजाची तत्त्वे होती. रानडे यांच्या ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ या निबंधात या भूमिकेची तात्त्विक मांडणी आढळते.

या तत्त्वांवर ख्रिस्ती विचारांची छाया आहे, असा आक्षेप त्या काळी घेतला जात असे. आक्षेपात तथ्य होते, परंतु ते अर्धेच. ईश्वर हा पित्यासारखा असून तो पापी माणसाच्या प्रार्थनेस प्रतिसाद देतो, ही कल्पना पुण्याच्या शिक्षित वर्गास मिशन शाळांतून आणि इंग्रजी ग्रंथांतून परिचित झाली होती. तथापि, प्रार्थना समाजाने आपला आधार तुकाराम, नामदेव आणि एकनाथ यांच्या अभंगांत शोधला. विठ्ठलाला माऊली म्हणणाऱ्या परंपरेस दयाळू ईश्वराची ओळख बाहेरून करून देण्याची गरज नव्हती. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात रानडे यांनी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी केली, तीही याच भूमिकेतून.

महात्मा जोतीराव फुले यांची वाट वेगळी होती. त्यांचे इंग्रजी शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी ईश्वरासाठी ‘निर्मीक’ हा शब्द योजला. या शब्दात निर्मात्याची कल्पना आहे, पण पुराणांचे ओझे नाही आणि कोणत्याही एका धर्माची मालकीही नाही. निर्मीकाने सर्व स्त्री-पुरुषांना समान निर्माण केले, म्हणून जातिभेद हा त्याच्या विरुद्ध केलेला अपराध ठरतो. याच ग्रंथात एका कुटुंबातील पती, पत्नी व मुले भिन्न धर्मांचा स्वीकार करून एका घरात प्रेमाने नांदतात, असे चित्र फुले यांनी रंगविले आहे.

प्रार्थना समाजाचा ईश्वर आणि फुले यांचा निर्मीक यांत तात्त्विक अंतर फार नाही. फरक आहे तो निष्कर्षात. रानडे यांच्या विचारात ईश्वराचे एकत्व अंतःकरणाच्या शुद्धीकडे नेते, तर फुले यांच्या विचारात ते थेट एका घराकडे, एका चुलीकडे नेते.

३. अवतार आणि देहधारण : मतभेदाचे स्थान

एकेश्वरवादाच्या भूमीवर ख्रिस्ती विचारवंत पूर्णतः समाधानी नव्हते. त्यांतील सर्वांत समर्थ टीकाकार नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) हे होत. चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि काशीत शास्त्राध्ययन केलेल्या गोऱ्हे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. ‘षड्दर्शन दर्पण’ या १८६० च्या हिंदी ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांचे खंडन केले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पुणे, मुंबई, पंढरपूर येथे कार्य केले.

ब्राह्मो पंथाचे एकेश्वरवादी ईश्वराच्या प्रेमाविषयी जे बोलतात ते केवळ बुद्धीने सिद्ध होत नाही, ती ख्रिस्ती शिकवणुकीची उसनवारी आहे, असा गोऱ्हे यांचा युक्तिवाद होता. तो प्रार्थना समाजालाही लागू पडत असे. उलट, सामान्य वैष्णव भक्ताची अवतारावरील श्रद्धा त्यांना अधिक जवळची वाटे. ईश्वर माणसांत येऊन राहतो, अनन्यभक्तीने तो आपलासा होतो, वैराग्य व क्षमा हे त्याच्या भक्ताचे गुण आहेत, या कल्पनांनी हिंदू मन ख्रिस्ताच्या स्वीकारासाठी तयार झाले आहे, अशी मांडणी त्यांनी केली. षड्दर्शनांचे कठोर खंडन करणारा पंडित भक्तिपरंपरेत मात्र पूर्वतयारी पाहतो, ही बाब लक्षणीय आहे.

येथे दोन परंपरांतील खरा मतभेद स्पष्ट होतो. गीतेतील अवतारकल्पनेनुसार धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा ईश्वर प्रकट होतो. अवतार पुनःपुन्हा होतात आणि त्यांचे कार्य धर्मसंस्थापनेचे असते. ख्रिस्ती देहधारणेची कल्पना एकाच ऐतिहासिक व्यक्तीशी बांधलेली आहे. तो येशू भुकेला होतो, दुःख भोगतो आणि मरतो. प्रार्थना समाजास या दोन्ही कल्पना अमान्य, वैष्णवास पहिली मान्य, ख्रिस्ती माणसास केवळ दुसरी मान्य, अशी ही त्रिकोणी स्थिती होती. यातील कोणतीही बाजू दुसरीत विरघळून टाकणे प्रामाणिकपणाचे ठरले नसते.

तथापि, या मतभेदाच्या तळाशीही एक साम्य आहे. वारकरी परंपरेतील कथांत विठ्ठल जनाबाईबरोबर दळण दळतो, श्रीखंड्या होऊन एकनाथांच्या घरी पाणी भरतो आणि चोखामेळ्याच्या घरी जेवतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, आणि लूकच्या शुभवर्तमानात तो पापी जनांबरोबर जेवतो म्हणून शास्त्री कुरकुर करतात. देव सेवक होतो आणि ज्याच्याबरोबर कोणी जेवत नाही त्याच्या पंक्तीला बसतो, ही कल्पना दोन्हीकडे आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा लोककथांत आढळणारे हे साम्य पुण्याच्या पुढील इतिहासासाठी अधिक महत्त्वाचे ठरले.

४. पंचहौद आणि शारदा सदन : पंगतीची कसोटी

१८९० साली गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ तेथे जमले होते. त्यांत रानडे होते, तसेच लोकमान्य बाळ गंगाधर टिळकही होते. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हाती धरला. पुढे ‘पुणे वैभव’ या पत्रात उपस्थितांची नावे प्रसिद्ध झाली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी झाली, ग्रामण्य झाले. आपण प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानडे यांनीही १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. आपल्यामुळे स्नेह्यांची घरे अडचणीत येऊ नयेत, हा त्यामागील विचार रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून कळतो.

या प्रसंगाकडे बहुधा सुधारक-सनातनी वादातील एक गमतीदार प्रकरण म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ गंभीर आहे. त्या आवारात ईश्वराच्या एकत्वावर कोणी कितीही वेळ बोलले असते, तरी ग्रामण्य झाले नसते. ग्रामण्य झाले ते चहाच्या पेल्यामुळे. ज्या रानडे यांनी दयाळू एकेश्वराची तात्त्विक सिद्धता केली, त्यांनाच त्या ईश्वराच्या दुसऱ्या उपासकांबरोबर चहा घेतल्याबद्दल शुद्धी करून घ्यावी लागली.

पंडिता रमाबाई यांच्या चरित्रात हीच कसोटी दोन्ही बाजूंनी लागलेली दिसते. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हा त्यांचा प्रार्थना समाजाशी निकटचा संबंध होता. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तेथील अँग्लिकन भगिनींशी त्यांचे पुढे मतभेद झाले. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना सहज पटला नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात का नसावीत, असाही प्रश्न त्यांनी उपस्थित केला. त्यांचे शाकाहारी राहणे हा जातीचा अभिमान आहे, असे भगिनींना वाटले. म्हणजे ताटाचा प्रश्न केवळ हिंदू समाजापुरता नव्हता. ईश्वर एक मानूनही त्याच्या उपासकाने कोणते अन्न घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार ख्रिस्ती मंडळीही आपल्याकडे घेत होत्या.

१८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. रानडे व भांडारकर त्याच्या सल्लागारांत होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही विधवा मुली तेथे येऊन बसत. यावरून वाद पेटला. १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक मुलींना सदनातून काढून नेण्यात आले. प्रार्थना कोणत्या ईश्वराची, हा प्रश्न तेथे फारसा चर्चिला गेला नाही. मुली कोणाच्या आवाक्यात जातील, हा प्रश्न निर्णायक ठरला. सल्लागारांची अडचणही समजून घेतली पाहिजे. पालकांना दिलेला तटस्थतेचा शब्द मोडला, अशी त्यांची भावना होती. परंतु या संघर्षाची किंमत शेवटी ज्या बालविधवांसाठी संस्था काढली होती त्यांनाच मोजावी लागली.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातही हाच प्रश्न उद्भवला होता. अंत्युखिया येथे परजातीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणारा पेत्र, यहुदी मंडळींच्या भयाने त्या पंक्तीतून उठला आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, असे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. पंगतीचा पेच हा कोणा एका धर्माचा दोष नसून, ईश्वराचे एकत्व मानणाऱ्या प्रत्येक समाजापुढील परीक्षा आहे, हे यावरून दिसते.

५. अभंगाची वाट

विसाव्या शतकाच्या आरंभी संवादाचे केंद्र खंडनमंडनाकडून भक्तीकडे वळले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर होते. (या शहराचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे.) तरी त्यांच्या रचनांनी पुण्यासह सर्व मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना बदलली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. ‘अभंगांजली’तील रचनांत ख्रिस्ताला त्यांनी माऊली, गुरू आणि सखा या नात्यांनी आळविले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या भक्तांना स्थान होते.

या कुटुंबातही पंगतीचा प्रश्न निर्णायक होता. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई टिळक अनेक वर्षे सोवळे सांभाळून राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी सांगितले आहे की जातिभेद देवाने केलेला नाही, हे मनाला पटले आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी वर्ज्य राहिले नाही. हा पालट त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वीचा आहे. त्रैक्य किंवा देहधारणा यांच्या चर्चेने जे घडले नाही ते पाण्याच्या एका पेल्याने घडले.

पुण्यातील स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी १९१५ साली भारतीय ईश्वरवादावर ग्रंथ लिहिला आणि १९१९ साली मराठी संतांच्या निवडक अभंगांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. संतवाणीकडे खंडनाचा विषय म्हणून न पाहता प्रार्थना म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातून इंग्रजी वाचकांस मिळाली. या वाटेने उलट दिशेचाही प्रवास झाला. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील ग्रंथात तुकारामांच्या व्याकुळतेचे वर्णन करण्यासाठी ख्रिस्ती संतांची ‘आत्म्याची काळरात्र’ ही संकल्पना वापरली. ईश्वर सापडत नाही म्हणून तळमळणाऱ्या दोन भक्तांमध्ये त्यांना एकच अवस्था दिसली.

६. एकत्र राहण्याच्या जागा

तत्त्वे आणि अभंग यांच्या पुढचे पाऊल प्रत्यक्ष सहवासाचे होते. प्रार्थना समाजाचे प्रचारक महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्ड येथे युनिटेरियन ख्रिस्ती पंथाच्या महाविद्यालयात शिकले. त्रैक्य न मानणाऱ्या या पंथाचा ईश्वर प्रार्थना समाजाच्या ईश्वराच्या अगदी निकट होता. परंतु परत आल्यावर शिंदे यांनी या साम्यावर ग्रंथरचना करण्याऐवजी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. या संस्थेचे कार्य पुढे पुण्यात रुजले. एकेश्वराचा अर्थ अस्पृश्यतेच्या निवारणात शोधण्याचा हा प्रयत्न रानडे यांच्या तत्त्वास फुले यांच्या निष्कर्षाची जोड देणारा होता.

अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. १९२७ पासून पुण्यातील शिवाजीनगरचा आश्रम त्याचे केंद्र झाला. खादीचा वेष, जमिनीवरची बैठक, शाकाहारी भोजन आणि देशी पद्धतीची उपासना ही त्याची वैशिष्ट्ये होती. येथे युरोपीय व भारतीय सभासद एकाच पंक्तीस बसत. वाँटेजच्या भोजनगृहात रमाबाईंना जे मिळाले नव्हते ते या आश्रमात प्रथमच उघडपणे मान्य झाले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ख्यातकीर्त झालेले व्हेरिअर एल्विन याच संघातून भारतात आले.

१९५५ साली कँडीहून पुण्यास आलेल्या जेझुइटांच्या धर्मविद्यापीठामुळे कॅथलिक पंथाचे अभ्यासकही या संवादात उतरले. जी. ए. दलरी यांचा विठ्ठल संप्रदायावरील ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभारले. १९७२ साली शिवाजीनगरच्या जुन्या आश्रमाचे पुनरुज्जीवन झाले, ते कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींच्या एकत्र निवासाने. त्यांतील अँग्लिकन भगिनी वाँटेजच्याच संघाच्या होत्या, हा इतिहासाचा अर्थपूर्ण योग म्हणावा लागेल. याच आश्रमातील भगिनी सारा ग्रँट यांनी शंकराचार्यांच्या ‘संबंध’ या संकल्पनेचा अभ्यास केला. जग ईश्वरावर सर्वस्वी अवलंबून आहे, ईश्वर मात्र जगावर अवलंबून नाही, हा शांकर विचार त्यांना संत थॉमस अक्विनास यांच्या प्रतिपादनाशी जुळणारा वाटला. ज्या वेदान्ताचे गोऱ्हे यांनी खंडन केले होते, त्याच वेदान्तात शतकानंतर एका ख्रिस्ती विदुषीला आपल्या ईश्वराचा परिचय सापडला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पुण्यातील हिंदू व ख्रिस्ती विचारवंतांत ईश्वराचे एकत्व, कर्तृत्व आणि दयाळूपणा यांविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच विस्तृत समान भूमी निर्माण झाली होती.

२) अवतार आणि देहधारण हा मतभेद मूलभूत होता व आहे. तो झाकण्याची गरज नाही. सेवक होणारा आणि तिरस्कृतांबरोबर जेवणारा देव, हे त्याखालील साम्य अधिक फलदायी आहे.

३) संवादास खरा अडथळा सिद्धांतांपेक्षा पंक्तिभेदाचा होता. पंचहौद आणि शारदा सदन या दोन्ही प्रकरणांत हे स्पष्ट होते. हा अडथळा हिंदू समाजात जातीच्या रूपाने आणि ख्रिस्ती मंडळींत वर्चस्वाच्या रूपाने वावरत होता.

४) जेथे एकत्र राहण्याची व जेवण्याची जागा उभी राहिली, तेथे तत्त्वचर्चाही अधिक खोल झाली. शिवाजीनगरचा आश्रम हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ईश्वर एक आहे, हे वाक्य पुण्याने अनेक पिढ्यांपूर्वी दोन्ही बाजूंनी मान्य केले होते. त्या वाक्याचा अर्थ प्रत्येक पिढीला आपल्या घरच्या ताटावर नव्याने ठरवावा लागतो. चोखामेळ्याच्या घरी जेवणारा विठ्ठल आणि पापी जनांच्या पंक्तीस बसणारा येशू यांच्या उपासकांना या कसोटीपासून सूट मिळण्याचे कारण नाही.